केंद्रे बांधली, जिवाणू कोण सांभाळणार?

२०२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस वाराणसीत गंगा हिरवी दिसू लागली. कोरोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती, लोकांच्या मनात आधीच धाकधूक होती, आणि त्यात एकामागून एक घाटांवर पाण्यावर हिरवा तवंग. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले, तक्रारी झाल्या, प्रशासनाने चौकशी पथक नेमले. पथकाने नदीच्या वरच्या अंगाला जाऊन माग काढला आणि ठपका ठेवला तो मिर्झापूर जिल्ह्यातल्या विंध्याचलच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर. जुन्या पद्धतीच्या त्या केंद्रातून शेवाळ नदीत उतरले होते. उन्हाळ्यातला मंद प्रवाह, कोमट पाणी आणि सांडपाण्यातून आलेले नायट्रोजन-फॉस्फरस; शेवाळ फोफावायला आणखी काय लागते?

या घटनेची बातमी आठवडाभर चालली आणि विरून गेली. तिच्यातली खरी गोष्ट मात्र मागे राहिली. पाणी स्वच्छ करण्यासाठी जे केंद्र बांधले, तिथलेच सूक्ष्मजीव निसटून नदीत आले. केंद्राच्या आत हेच शेवाळ कामाचे असते. उन्हात ते प्राणवायू सोडते, त्या प्राणवायूवर जिवाणू जगतात आणि मैला खातात. बाहेर नदीत तेच शेवाळ रात्री पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि मेल्यावर स्वतःच कुजू लागते. जीव तोच, राखण सुटली की उपकाराचा अपकार होतो.

गेली चाळीस वर्षे गंगाशुद्धीची चर्चा किती कोटी मंजूर झाले आणि किती दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले, एवढ्यावरच घुटमळते आहे. केंद्राच्या टाकीत जे कोट्यवधी जीव काम करतात त्यांची रोजची देखभाल कोण करतो, कशी करतो आणि तिचा निकाल लोकांना कळतो का, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. वाराणसीचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. पुणे, नाशिक, कोल्हापूर या नदीकाठच्या शहरांनी तो नीट वाचायला हवा.

१४ जून १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी वाराणसीच्या राजेंद्रप्रसाद घाटावरून गंगा कृती योजनेचा प्रारंभ केला. योजनेतून शहराच्या पलीकडे दीनापूरला दररोज ८० दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र उभे राहिले. बनारस हिंदू विद्यापीठाजवळ भगवानपूरला आणि रेल्वे इंजिन कारखान्याच्या वसाहतीत लहान केंद्रे झाली. घाटांवर पाच पंपघरे बांधली गेली. घाटाकडे उतरणारे मैलापाणी तिथे अडवायचे, वर उचलायचे आणि केंद्राकडे पाठवायचे, अशी ती रचना.

दीनापूरच्या टाक्यांत चालते ते काम समजून घेण्यासारखे आहे, कारण देशातल्या बहुतेक मोठ्या शहरांचे मैलापाणी याच पद्धतीने किंवा तिच्या सुधारित रूपांनी स्वच्छ होते. मैलापाण्यात पाणीच जवळजवळ सगळे, घाण हजारात एक भागसुद्धा नसते. पण ती विरघळलेली असते, गाळून निघत नाही. म्हणून ती जिवाणूंना खाऊ घालायची. टाकीच्या तळातून ब्लोअरने हवा सोडली की प्राणवायू मिळालेले जिवाणू झपाट्याने वाढतात, एकमेकांना चिकटून त्यांचे मऊ तपकिरी पुंजके होतात. पुढच्या टाकीत पाणी शांत उभे राहिले की हे पुंजके खाली बसतात आणि वरून निवळ पाणी निघते. खाली बसलेल्या गाळातला बराचसा पुन्हा पहिल्या टाकीत सोडतात. दही लावताना कालचे विरजण राखून ठेवावे तसे. उरलेला गाळ बंद टाकीत जातो. तिथे हवेशिवाय जगणारे दुसरेच जीव त्यातून मिथेन वायू बनवतात.

हे विरजण राखण्याची युक्ती १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी जगापुढे मांडली. त्यांच्या आधीचे लोक मैलापाण्यात हवा सोडत आणि बसलेला गाळ दर वेळी फेकून देत. या दोघांनी तो ठेवून घेतला, त्यावर नवे मैलापाणी ओतले, आणि आधी कित्येक आठवडे लागणारे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच पोहोचली होती. कमी पडले ते तिच्यामागचे रोजचे कष्ट घेणे.

ते कष्ट कसले? केंद्रावरचा जाणता कामगार रोज सकाळी हवेच्या टाकीतले पाणी एका लिटरच्या उभ्या काचेच्या नळीत घेतो आणि अर्धा तास तसेच ठेवतो. पुंजके एकसारखे खाली बसत गेले, वरचे पाणी स्वच्छ दिसले आणि वास ओल्या मातीसारखा आला, तर जिवाणू सुखात आहेत. गाळ काळा पडून कुजका वास सुटला तर हवा कमी पडते आहे. अर्ध्या तासानंतरही गाळ फुगून नळीभर राहिला तर दोऱ्यासारख्या लांब जिवाणूंनी टाकीचा ताबा घेतला आहे, आणि आता हा गाळ निवळ पाण्याबरोबर नदीत वाहून जाणार. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला तर आणखी कळते. देठावर उभे असलेले, घंटेच्या आकाराचे व्होर्टिसेला नावाचे जीव भरपूर दिसले तर टाकी तब्येतीने ठीक. ते नाहीसे झाले तर कुठून तरी विषारी रसायन आले आहे किंवा हवा बंद पडली होती. या परीक्षेला एक नळी, एक घड्याळ, एक सूक्ष्मदर्शक आणि त्यातले कळणारा माणूस एवढेच लागते. आपल्याकडे निविदेत ब्लोअरची अश्वशक्ती दशांशापर्यंत लिहिलेली असते. या माणसाची नेमणूक, त्याचे प्रशिक्षण, त्याचा पगार यांच्याबद्दल तेवढी काळजी कधी घेतली गेली नाही.

वाराणसीत झाले ते असे. पंप आणि ब्लोअर दोन्ही विजेवर, आणि त्या काळात शहरात वीज जायची ती तासन्‌तास. पंप थांबला की मैलापाणी घाटाखालून सरळ नदीत जाई, हे सगळ्यांना दिसे. ब्लोअर थांबला की टाकीतले जिवाणू गुदमरत, हे कोणाला दिसत नसे. वीज परत आली की यंत्रे लगेच सुरू होतात. अर्धमेल्या जिवाणूंना पूर्वपदावर यायला दिवस लागतात. पावसाळ्यात गंगा पायऱ्या चढून वर येते तेव्हा घाटांवरची पंपघरे बंद ठेवावी लागत, आणि तितके आठवडे योजना कागदावर राही. दीनापूरच्या आसपासच्या शेतकऱ्यांना केंद्रातले पाणी आणि गाळ शेतीला मिळाला. पुढे बनारस हिंदू विद्यापीठाच्या संशोधकांनी सांडपाण्यावर पिकवलेल्या भाजीपाल्यात कॅडमियम, शिसे अशा जड धातूंची नोंद केली. जिवाणू मैला खातात, धातू खात नाहीत. ते गाळात साठतात आणि गाळाबरोबर शेतात जातात. कारखान्यांचे पाणी घरगुती मैलापाण्यात मिसळू द्यायचे आणि मग केंद्राला दोष द्यायचा, ही चूक केवळ वाराणसीची नाही.

पण या सगळ्याहून मोठी उणीव मुळातच होती. पहिल्या गंगा कृती योजनेत केंद्रांचे यश मोजायचे ठरले ते प्रामुख्याने दोन मापांनी: पाण्यातली कुजणारी घाण, म्हणजे बीओडी, आणि तरंगता गाळ. माणसाला आजारी पाडणारे जिवाणू किती उरले, हे माप त्यात नव्हतेच. जी नदी लोक तोंडात घेतात, आचमन करतात, लेकरांना बुडवून काढतात, तिच्यासाठी आखलेल्या योजनेत हेच माप राहून गेले, याचे आजही आश्चर्य वाटते.

माणसाच्या आतड्यातले कोलिफॉर्म जिवाणू पाण्यात सापडले तर त्या पाण्यात विष्ठा मिसळली आहे, आणि तिच्याबरोबर पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतूही असू शकतात, असे धरतात. कच्च्या मैलापाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये हे जिवाणू सहज एक कोटी असतात. उत्तम चालणाऱ्या केंद्राने त्यातले ९९ टक्के काढले तरी उरतात एक लाख. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार आंघोळीच्या पाण्यात १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत असावेत, अगदीच जास्तीत जास्त २,५०० चालतील. ९९ टक्के हा आकडा ऐकायला फार चांगला वाटतो, पण एक लाख आणि अडीच हजार यांच्यामध्ये जे अंतर उरते त्यात माणसे आजारी पडतात. ते मिटवायचे तर शेवटी आणखी एक पायरी लागते: क्लोरीन, अतिनील किरण, किंवा उन्हात दिवसेंदिवस मुरवणारी तळी. क्लोरीनही आधीची कामे नीट झाली असतील तरच उपयोगी. अर्धवट शुद्ध झालेल्या मैलापाण्यात अमोनिया उरलेला असतो, क्लोरीन त्याच्याशी जुळून दुबळा होतो, घाणीशी जुळून माशांना अपायकारक द्रव्ये तयार करतो. जिवाणू आधी नीट पाळावे लागतात, मग गाळात बसवावे लागतात, आणि सरतेशेवटी उरलेले मारावे लागतात. क्रम चुकला की पैसे जातात आणि पाणीही सुधारत नाही.

ही उणीव ज्याने सर्वांत आधी आणि सर्वांत चिकाटीने दाखवली, तो माणूस घाटावरच राहत होता. वीरभद्र मिश्र हे संकटमोचन मंदिराचे महंत आणि बनारस हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक. तुलसी घाटावरच्या घरातून उतरून रोज गंगेत बुडी मारणारा हा माणूस १९८२ मध्ये संकटमोचन फाउंडेशन काढतो आणि घाटावरच पाणी तपासायची प्रयोगशाळा उभी करतो. श्रद्धा आणि विज्ञान यांचा झगडा लावून देणाऱ्यांना मिश्रजी सोयीचे नव्हते. गंगा पवित्र आहे म्हणूनच तिच्या पाण्यातले जंतू मोजले पाहिजेत, अशी त्यांची साधी धारणा होती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९९२ मध्ये त्यांना ‘ग्लोबल ५००’ यादीत घेतले, १९९९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने पृथ्वीच्या रक्षणकर्त्यांत त्यांची गणना केली. २०१३ च्या मार्चमध्ये ते गेले. महंतपद आणि प्रयोगशाळेचे काम त्यांचे पुत्र विश्वंभरनाथ मिश्र यांच्याकडे आले. तेही त्याच विद्यापीठाच्या आयआयटीत प्राध्यापक.

कोलिफॉर्मची ही तपासणी दिसायला अगदी साधी. काचेच्या नळ्यांची रांग, प्रत्येकीत जिवाणूंचे खाद्य असलेला रस, आणि त्यात उलटी बुडवलेली बोटभर छोटी नळी. नदीचे पाणी ठरावीक प्रमाणात विरळ करत नळ्यांत घालायचे आणि उबेत ठेवायचे. कोलिफॉर्म असतील तर ते साखर आंबवतात, वायू सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी उलट्या नळीच्या टोकाला बुडबुडा अडकलेला दिसतो. विष्ठेतल्या जातीची खात्री करायला साडेचव्वेचाळीस अंशांवर पुन्हा तेच. किती नळ्यांत बुडबुडे आले यावरून तक्त्यात आकडा पाहायचा. याच पद्धतीने फाउंडेशनने २०१९ च्या फेब्रुवारीत मोजलेले आकडे असे होते: शहराच्या वरच्या टोकाला नगव्याजवळ १०० मिलिलिटरला ३.८ कोटी, खालच्या टोकाला वरुणा नदीच्या संगमाजवळ १४.४ कोटी. नमुना नाल्याच्या तोंडाशी घेतला की प्रवाहाच्या मध्यात, यावर आकडा खूप बदलतो, आणि सरकारी यंत्रणांचे आकडे यापेक्षा बरेच कमी असत. पण भाविक मध्यधारेत उतरत नाहीत. ते काठावर, पायरीवर उभे राहून बुडी मारतात, आणि नाले काठालाच मिळतात.

मिश्र यांनी नुसती टीका केली नाही, पर्यायही मांडला. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे विल्यम ऑस्वाल्ड यांच्याबरोबर त्यांनी तळ्यांच्या मालिकेची योजना आखली. घाटांच्या कडेने मोठी वाहिनी टाकायची, पाणी उतारानेच वाहत शहराबाहेर जाईल. पहिले तळे खोल, त्याच्या तळाशी हवेशिवाय जगणारे जीव गाळ पचवतील. पुढच्या उथळ तळ्यात शेवाळ उन्हावर प्राणवायू बनवेल. मग शेवाळ बसवायचे तळे, आणि शेवटी पाणी मुरवायचे तळे. उन्हाने आणि वाढलेल्या अल्कतेने रोगजंतू तिथे मरतात. वीज अगदी थोडी लागते. ज्या शहरात वीज भरवशाची नव्हती आणि ऊन भरपूर होते, तिथे हा विचार व्यवहाराचा होता. पुढे यासाठी शहराच्या दक्षिणेला रमना गावाचे नावही निघाले, पण तळी काही झाली नाहीत. रमन्यात शेवटी दररोज ५० दशलक्ष लिटरचे यांत्रिक केंद्र उभे राहिले.

तळ्यांना जागा फार लागते, हा आक्षेप खरा आहे. शेवाळ वेळच्या वेळी बसवून काढले नाही तर काय होते, तेही विंध्याचलने दाखवून दिले. म्हणजे तळी असोत की ब्लोअर, राखणीला पर्याय नाही. मिश्र यांच्या दोन मागण्या मात्र आजही खणखणीत आहेत: पाणी शक्य तिथे उतारानेच न्या, आणि यश कोलिफॉर्मच्या आकड्याने मोजा.

गेल्या दहा वर्षांत वाराणसीत बरेच काम झाले आहे, ते मान्य केलेच पाहिजे. दीनापूरला जपानच्या कर्जसाहाय्याने १४० दशलक्ष लिटरचे नवे केंद्र झाले, नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. गोइठ्याला १२०, रमन्याला ५०, पलीकडच्या काठावर रामनगरला १० दशलक्ष लिटरची केंद्रे आली. अनेक नाले अडवले गेले. रमन्याच्या करारात एक फार चांगली गोष्ट आहे: कंत्राटदाराला बांधकामाच्या काळात खर्चाचा ४० टक्के भागच मिळतो, उरलेले ६० टक्के पुढची पंधरा वर्षे केंद्र चालवताना, पाण्याची प्रत पाहून. बांधून मोकळे होणाऱ्यांच्या देशात ही सुधारणा मोलाची आहे. निकषही कडक झाले. २०१७ मध्ये केंद्र सरकारने शुद्ध केलेल्या मैलापाण्यात कोलिफॉर्मची कमाल मर्यादा १०० मिलिलिटरला १,००० ठेवली, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती २३० वर आणायला सांगितले. आता प्रश्न उरतो तो एवढाच की रोजचा आकडा घाटावर उभ्या असलेल्या माणसाला दिसतो का. २०२५ च्या महाकुंभात, प्रयागराजला, केंद्रीय मंडळानेच लवादाला कळवले की अनेक ठिकाणचे पाणी कोलिफॉर्मच्या बाबतीत आंघोळीच्या निकषात बसत नाही. ही माहिती लोकांपर्यंत पोहोचली तोवर कोट्यवधींचे स्नान उरकले होते.

इथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: गंगेचे पाणी स्वतःच जंतू मारते. मराठी घरांत तर हा अनुभवाचाच विषय. काशीहून आणलेला तांब्याचा, डाख देऊन बंद केलेला गडू देवघरात वर्षानुवर्षे राहतो, मावंद्याला एखादा फोडला तरी पाणी नासलेले नसते. यामागे वैज्ञानिक आधार नाही असे मुळीच नाही. आग्र्याला काम करणारे ब्रिटिश जिवाणूशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात लिहिले, की गंगा आणि यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मरतात, आणि पाणी उकळले की हा गुण जातो. पुढे १९१७ मध्ये फेलिक्स द’एरेल यांनी जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे बॅक्टेरिओफेजचा, शोध जाहीर केला, तेव्हा अनेकांना हॅन्किनच्या निरीक्षणाचा उलगडा झाल्यासारखे वाटले. नागपूरच्या नीरी संस्थेनेही गंगेच्या या गुणाचा अभ्यास केला आहे. गडूतल्या पाण्याच्या बाबतीत तांबेही जंतूंना मारक असते.

पण फेज हा प्रत्येक जंतूवरचा उतारा नव्हे. एक फेज एकाच जातीच्या, बरेचदा त्यातल्याही ठरावीक जिवाणूंवर चालतो. कावीळ करणारे विषाणू, जिआर्डियासारखे कवचबंद जीव त्याला भीक घालत नाहीत. आणि फेज वाढतो तो जिवाणू असतील तिथेच, म्हणून मैलापाण्याच्या नाल्यातही फेज पुष्कळ सापडतात. ते पाणी कोणी तीर्थ म्हणून घेणार नाही. खुद्द हॅन्किन नदीच्या भरवशावर स्वस्थ बसला नाही. पटकीच्या साथीत विहिरींमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची मोहीम त्यानेच चालवली. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला विहिरीत टाकायचे ते लाल औषध आठवत असेल.

नदी काय करू शकत नाही, हे कानपूरने भोगले आहे. १९९०-९१ च्या हिवाळ्यात तिथे हेपॅटायटिस-ई या काविळीने अंदाजे ७९ हजार लोक आजारी पडले. मैलापाणी मिसळलेले गंगेचे पाणी पुरेशा शुद्धीकरणाविना नळांत गेले होते. त्याआधी १९५५-५६ मध्ये दिल्लीत नजफगढ नाल्याचे पाणी उलटून वझिराबादच्या जलकेंद्राच्या तोंडाशी आले. केंद्राने तुरटी आणि क्लोरीन वाढवले, त्यामुळे विषमज्वर आणि पटकी फारशी वाढली नाही, पण काविळीचे विषाणू त्यातून पार झाले आणि २९ हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले म्हणजे पाणी निर्धोक झाले, हा हिशेब दिल्लीने तेव्हाच खोटा ठरवला.

वाराणसीचे पिण्याचे पाणीही याच नदीशी बांधलेले आहे. भदैनीला गंगेतून उचलून भेलूपूरच्या जलकेंद्रात शुद्ध करण्याची व्यवस्था १८९२ पासूनची. त्याच वर्षी जर्मनीत हॅम्बुर्गला पटकीची साथ येऊन साडेआठ हजारांहून अधिक माणसे मेली, आणि हॅम्बुर्गच्याच नदीचे पाणी वाळूतून गाळून पिणारे शेजारचे आल्टोना बऱ्याच अंशी वाचले. वाळूच्या संथ गाळणीवर जी चिकट साय धरते ती जिवंत असते; तिच्यातले जीवच रोगजंतूंना अडवतात आणि खातात. भदैनीच्या वरच्या अंगाला नगव्याचा नाला गंगेला मिळतो. पिण्याचे पाणी उचलण्याच्या जागेच्या वर मैलापाणी नदीत येऊ द्यायचे आणि मग खाली औषधांचा मारा करायचा, हे खर्चाचेही आहे आणि धोक्याचेही.

महाराष्ट्रात हे घडत नाही असे कोणी समजू नये. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण वाढत गेले. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू रुग्णांच्या नमुन्यांत आढळला आणि संशय दूषित पाण्यावर आला. देशातल्या अव्वल संशोधन संस्था ज्या शहरात आहेत, तिथे पाण्यात पुरेसा क्लोरीन आहे की नाही यावर चर्चा करावी लागली.

आणि तरी याच राज्यात एक अतिशय चांगली रीत आहे. गावचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, मग नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे, थेंब घालतो. पिवळी छटा आली तर क्लोरीन उरला आहे, पाणी सुरक्षित धरतात. स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले तर सरपंचाला ग्रामसभेत जाब विचारता येतो. जे बंधन हजार वस्तीच्या गावावर आहे, ते लाखोंच्या शहराच्या मैलापाणी केंद्रावर का नसावे? प्रत्येक केंद्राला असे कार्ड द्यावे, केंद्राबाहेरच्या आणि खालच्या पहिल्या घाटाच्या फलकावर ते लावावे, कोलिफॉर्मचा ताजा आकडा आणि नमुन्याची तारीख मराठीत लिहावी. नमुना पालिकेने घ्यावा, पण त्याच दिवशी दुसरा नमुना जवळच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने घ्यावा. मुलांना शिकायला मिळेल आणि आकड्यांना साक्षीदार मिळेल.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थाची स्नाने आहेत. तपोवन आणि आगरटाकळीच्या केंद्रांवर, गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी आणि वाघाडीच्या पाण्यावर आतापर्यंत पुष्कळ बोलून झाले आहे. स्नानाच्या दिवशी गंगापूर धरणातून पाणी सोडून रामकुंड वाहते ठेवता येईल. त्याने आकडा एका दिवसापुरता खाली येईल. पण केंद्रातला गाळ स्नानाच्या आदल्या दिवशी मुरत नाही. जिवाणू जमायला आठवडे लागतात, आणि नळीतला गाळ पाहून टाकीची तब्येत ओळखणारा कामगार तयार व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. बांधकामांच्या निविदांबरोबर प्रत्येक केंद्रासाठी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे एक पद, तीन पाळ्यांत प्रशिक्षित कामगार, ब्लोअरपुरती राखीव वीज आणि एक छोटी प्रयोगशाळा एवढी तरतूद आधी व्हावी. साडेचव्वेचाळीस अंशांवर स्थिर राहणारी एक पेटी आणि काचेच्या नळ्या यांचा खर्च स्नानाच्या एका स्वागत कमानीपेक्षा जास्त होणार नाही. आणि स्नानाच्या किमान एक वर्ष आधीपासूनचे दर आठवड्याचे आकडे रामकुंडावर लावायला सुरुवात व्हावी, म्हणजे पर्वणीच्या दिवशीचा आकडा कशाशी ताडून पाहायचा ते भाविकांनाही कळेल आणि पालिकेलाही.